कप्तान, कुरव आणि वाळवलेले बांगडे

शिडाच्या होडीच्या कडेनं चारही बाजूंना जी तार असते, ती माणूस पाण्यात पडू नये म्हणून असते, हे ताजुद्दीननं हफीजाला आधीच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. दुपारची नमाज पढून तो केबिनमधून वर आला, तेव्हा तारेवर बांगडे लटकत होते. चिरलेले, मीठ चोळलेले, शेपटीला सुतळी बांधून होडीच्या नाकापासून सुकाणूपर्यंत ओळीनं टांगलेले.

"हे काय गो?"

"बांगडे."

"ते दिसतंय मला. इथं कशाला?"

"एवढं ऊन फुकट जातंय," हफीजा म्हणाली. "जयगडला अंगणात वाळवत नाय काय आपण? इथं तर तारसुद्धा बांधलेली हाय."

तिचं चुकत नव्हतं. जेद्दाच्या उत्तरेला, ओबहूरच्या खाडीत, श्रीमंतांच्या होड्या बांधायच्या त्या पांढऱ्याशुभ्र मरीनात दुसरं काही नसलं तरी ऊन भरपूर होतं. होडी होती हम्मादची. हम्माद हा ताजुद्दीनचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा तो मालक, आणि फर्निचरच्या मोठ्या शोरूमचा मालक. मेहुण्यानं मोटरबोट घेतली म्हणून त्यानं शिडाची होडी घेतली, दोन-तीनदा येऊन तिच्यावर बसून कहवा प्यायला, आणि विसरून गेला. होडीवर राहायचं, ती धुवायची, पुसायची, बुडू द्यायची नाही, एवढंच ताजुद्दीनचं काम. गावाकडे फोनवर मात्र तो कप्तान होता. हे त्यानं स्वतः कधी म्हटलं नव्हतं. हफीजा म्हणाली होती, आणि त्यानं खोडून काढलं नव्हतं.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर ती पहिल्यांदाच व्हिजिट व्हिसावर आली होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं होतं, "अवो, ही हलते कवा?"

"दर आठवड्याला इंजिन चालू करतो की."

"आणि मग?"

"मग बंद करतो."

त्यावर ती खाली चहा टाकायला गेली. ते ताजुद्दीनला फार लागलं. मग त्यानं तिला आपल्याकडे होतं ते सगळं दाखवलं, म्हणजे पक्षी. होडी हलत नसली की माणूस जे हलतं त्याच्याकडे बघायला लागतो. जेद्दाच्या जुन्या वस्तीतल्या बलदच्या बाजारातून घेतलेली जुनी दुर्बीण तिच्या हातात देऊन त्यानं खडकावर पुतळ्यासारखा उभा राहणारा काळा बगळा दाखवला. पाण्यावर घिरट्या घालून दगडासारखी खाली पडणारी सुरय आणि डोलकाठीभोवती ओरडत फिरणारे पांढरे कुरव दाखवले. हिवाळ्यात चिखलात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांबद्दल सांगितलं. हफीजानं सगळं पाहिलं आणि म्हणाली, "कुरव तर जयगडलापण हायत." पण दुसऱ्या दिवसापासून तीच आधी उठून दुर्बीण घ्यायला लागली. बरे दिवस होते ते. बांगडे वाळत घालेपर्यंत.

पहिला कुरव आला, त्यानं तारेवर बसून मान वाकडी केली, आणि अख्खा बांगडा सुतळीसकट घेऊन गेला. हफीजाला हसू आलं. तो बहुधा जाऊन सगळ्यांना सांगून आला असावा. कारण संध्याकाळपर्यंत डोलकाठीवर, शिडाच्या दोरांवर, छतावर, जिथं म्हणून पाय टेकेल तिथं कुरव बसले होते, आणि खाल्लेले बांगडे दुसऱ्या रूपात परत करत होते. ताजुद्दीननं उरलेले मासे काढून खाली लपवले. कुरवांना ते अजिबात पटलं नाही. त्यांनी शेजारच्या होड्यांवर शोध सुरू केला.

सकाळी मरीनाच्या ऑफिसमधला अनुराग आला. हा नागपूरचा. समुद्र नोकरी लागल्यावरच पाहिलेला, पण आता इथल्या पाण्याची सगळी शिस्त त्याच्याकडे.

"ताजूभाऊ, वास येऊन राहिला ना! पूर्ण मरीनात! त्या बाजूच्या बोटीवर लग्नाचे फोटो काढून राहिले होते लोक. नवरदेवाच्या डोक्यावर पडलं."

"मासे काढले आम्ही."

"मासे काढले, पाखरं कोण काढणार?"

उपायही अनुरागनंच आणला. प्लास्टिकचं घुबड. मोठ्या डोळ्यांचं, मान हलणारं. ते डोलकाठीपाशी बांधलं. कुरवांनी थोडा वेळ लांबून पाहिलं, मग त्यातला एक येऊन घुबडाच्या डोक्यावर बसला. घुबडाची मान हलायची तसा तोही गोल फिरायचा. त्याला ते आवडलं असावं, कारण मग तिथं बसण्यासाठी भांडणं सुरू झाली.

हफीजा म्हणाली, "आवाजाला भितात पाखरं. शेतात डबा वाजवतो आपण."

होडीवर डबा नव्हता, भोंगा होता. ताजुद्दीननं तो दाबला. कुरव खरंच उडाले. खाली बसले, त्यानं पुन्हा दाबला. पुन्हा उडाले. पाच-सहा वेळा असं झाल्यावर खाडीच्या तोंडाकडून गस्तीची बोट लाटा उडवत आली. लागोपाठ भोंगा म्हणजे होडी संकटात, असा समुद्राचा नियम आहे. हा नियम ताजुद्दीनला माहीत होता. रागाच्या भरात आठवला नाही एवढंच.

"कुणी बुडतंय का?" गस्तीवाल्यानं विचारलं.

"नाही. पक्षी आहेत."

गस्तीवाल्यानं वर पाहिलं, घुबडाकडे पाहिलं, डेकवरच्या पांढऱ्या थरांकडे पाहिलं, आणि मालकाचा फोन नंबर मागितला.

हम्माद शुक्रवारी आला. पांढराशुभ्र पायघोळ थोब, सोबत दोन मित्र. ताजुद्दीन आणि हफीजा पहाटेपासून डेक घासत होते, पण तो धक्क्यावरून होडीवर पाऊल ठेवतो न ठेवतो, तोच वरून एक टपकलं, खांद्यावर. मित्रांनी तोंडं फिरवली. ताजुद्दीननं डोळे मिटले. डोळ्यांपुढे विमानतळ दिसत होता.

पण हम्माद रागावला नाही. त्यानं खांद्याकडे पाहिलं, वर डोलकाठीकडे पाहिलं, आणि मग त्याचा चेहरा उजळला. "मा फी मुश्किल, ताजू," तो म्हणाला. काही अडचण नाही. "मेरे पास इसका इलाज है."

इलाज दोन दिवसांनी आला. बहिरी ससाणा. शाहीन म्हणतात तिकडे. डोक्यावर चामड्याची टोपी, पायात पट्टा, स्वतःचा पासपोर्ट, आणि तो सांभाळायला मोहियुद्दीन नावाचा मुलतानचा माणूस. ससाण्याला डेकवर, वर गवताची गादी लावलेल्या खुंटावर बसवलं. टोपी काढली. त्यानं एकदाच मान फिरवून वर पाहिलं. सगळं आभाळ रिकामं झालं.

"सुभानल्ला!" अनुरागसुद्धा म्हणाला.

संध्याकाळी मोहियुद्दीन खाली उतरला आणि एकेक दार उघडून बघायला लागला. "एसी किधर है? इसको गरमी बर्दाश्त नहीं."

एसी एकाच केबिनमध्ये होता. त्यात ताजुद्दीन आणि हफीजा झोपत होते. ताजुद्दीननं हम्मादला फोन केला. हम्माद म्हणाला, "ताजू, वो बहुत नाजूक है." मग बिछाना स्वयंपाकघरातल्या बाकावर आला. पण ससाण्याच्या खाण्यातल्या लावा पक्ष्यांसाठी फ्रीज लागायचा, आणि फ्रीजसाठी मोहियुद्दीनला वाटेल तेव्हा तिथं यायला लागायचं. म्हणून बिछाना पुढे शिडं ठेवायच्या खणात गेला. तिथं पाय लांब केले की डोकं दोरांच्या गुंडाळ्यावर यायचं. उरलेले बांगडे ठेवायलाही जागा राहिली नाही, ते अनुराग घेऊन गेला. नागपूरच्या माणसानं सुके बांगडे नेले, यावरून काय ते समजावं.

हम्माद आता रोज यायला लागला. "खाया? सोया? आँख ठीक है?" असं रोज विचारायचा. ताजुद्दीनला या सगळ्या वर्षांत यातला एकही प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याला उगाच उत्तर द्यावंसं वाटायचं.

पक्षी गेले ते गेलेच. कुरव गेले, सुरय गेली, खडकावरचा काळा बगळासुद्धा. हफीजा सकाळी दुर्बीण घेऊन बसायची आणि ठेवून द्यायची.

"मीच घालवले," ती म्हणाली.

"नाय गो. आपले नव्हतेच ते."

"तुमी कप्तान ना? मग ह्या पाखराला सांगा की, केबिन आमची हाय."

तो हसला नाही. तीही हसत नव्हती.

आणि मग एका गुरुवारी हम्मादनं फोन केला. उद्या होडी बाहेर काढायची. खऱ्या समुद्रात, शिडं उभारून. ससाणा हातावर घेऊन त्याला मित्रांबरोबर फोटो काढायचा होता. कशासाठी का होईना, होडी चालणार होती. ताजुद्दीननं शिडं उलगडली, दोर तपासले, डोलकाठी धुतली. हफीजानं पेटीतला जरीकाठाचा दुपट्टा काढला.

शुक्रवारी अनुराग धक्क्यावर उभा राहून माणसं मोजत होता. हम्माद, त्याचे मित्र, मित्रांचे भाऊ, मोहियुद्दीन, ताजुद्दीन. हफीजा पुढे आली तेव्हा त्याच्या हातातली लाइफ जॅकेटं संपली होती.

"वहिनी, परवानगी इतक्याच माणसांची आहे ना," तो खाली बघत म्हणाला. "एकाला तरी कमी करावं लागेल."

हफीजानं ससाण्याकडे पाहिलं. ससाण्यानं टोपी घातली होती.

"मदाम, नेक्स्ट टाइम, इन्शाअल्ला," हम्माद अगदी प्रेमानं म्हणाला.

ती धक्क्यावर थांबली. ताजुद्दीननं होडी खाडीतून बाहेर काढली, इंजिन बंद केलं, आणि शीड वर ओढलं. वारा भरला. होडी कुशीवर कलली आणि पळायला लागली, आणि ताजुद्दीनच्या हातात सुकाणू असं जिवंत झालं की त्याच्या छातीत काहीतरी मोकळं झालं. त्यानं वळून पाहिलं. धक्क्यावर हफीजा मोबाइल वर धरून उभी होती, एवढीशी.

"ताजू!" हम्माद ओरडला. तो हिरवट पडला होता. शिडाची होडी कलते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ससाणा पंख पसरून किंचाळत होता. एक मित्र आधीच ओकत होता. "बंद करो! खलास! इसको तकलीफ हो रही है!"

शीड खाली आलं. इंजिन लावून सगळे परत आले. फोटो निघाला नाही.

पण हफीजानं धक्क्यावरून झूम करून काढलेला व्हिडिओ चांगला आला होता. पांढरं शीड, निळं पाणी, सुकाणूवर उभा असलेला ताजुद्दीन. होडी धक्क्याला लागायच्या आतच तो व्हिडिओ जयगडला पोचला होता. हफीजाच्या सासूबाईंनी शेजारीपाजारी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी हम्मादनं होडी विकायला काढली. समुद्र ससाण्याला मानवत नाही, असं त्याच्या लक्षात आलं होतं. देशाच्या दुसऱ्या टोकाला, हफ्र अल बातिनच्या पलीकडे, वाळवंटात, तो आता तंबू ठोकणार होता, कायमचा, जनरेटर आणि एसीसकट. आणि ताजुद्दीनला तो सोडणार नव्हता. "तुम बहुत अच्छा आदमी है. उधर देखभाल करो."

"तिथं पाणी आहे का?" ताजुद्दीननं विचारलं. दुसरं काही सुचेना.

"टँकर आता है."

हफीजाचा व्हिसा संपला, ती परतली. ताजुद्दीन गाडीनं अख्खा देश ओलांडून गेला. पुढच्या सीटवर मोहियुद्दीन आणि ससाणा, मागे तो आणि सामान. तिथं पोचल्यावर त्यानं पहिला फोन केला तेव्हा हफीजा ओट्यावर बायकांत बसली होती.

"कसं हाय तिकडं?" तिनं विचारलं.

"काय सांगू गो. जिकडं बघावं तिकडं सारखंच. पाखरूसुद्धा नाय."

तिनं फोन ठेवला. शेजारच्या लाइबाचाची विचारत होत्या, "कप्तान आता कुठल्या समुद्रात?"

हफीजानं दुपट्टा सारखा केला.

"मोठा हाय," ती म्हणाली. "पलीकडचा काठ दिसत नाय."