कान गरम हाय का?

आमचे बिरूतात्या माणूस भेटला की आधी त्याचा कान धरतात. रामराम त्यानंतर.

धरतात म्हणजे पिळत नाहीत. अंगठा आणि बोट यांच्यात कानाची पाळी घ्यायची, डोळे बारीक करायचे, थोडं थांबायचं आणि निकाल द्यायचा, "गरम हाय. चला." नाहीतर, "गार लागतोय. आधी च्या प्या." माणूस ओळखीचा असो की नसो. एकदा बँकेतल्या नव्या साहेबांचा कान त्यांनी खिडकीतून हात घालून धरला. साहेब ओरडणार तेवढ्यात तात्या म्हणाले, "सायेब, ताप हाय तुमाला. घरी जावा." साहेबांना खरंच ताप होता. पुढं तीन दिवस ते आले नाहीत, आणि आले ते तात्यांना बघून दोन्ही कान झाकून बसले.

तात्या माझे चुलतसासरे. पळसदेवला आमचं घर आणि त्यांचं घर एका भिंतीचं. त्यांच्या तरुणपणी घरात मेंढरांचा मोठा कळप होता. थंडीत कोकरू जन्मलं की त्याचा कान चाचपायचा. गरम असला तर बरं. गार पडायला लागला की कोकराला लगेच घोंगड्यात घेऊन उराशी धरायचं, नाहीतर ते हाती लागत नाही. पुढं ऊस आला, मेंढरं विकली. हाताची सवय मात्र विकता आली नाही.

माझ्या लग्नात भेटीच्या वेळी सगळ्या वऱ्हाडासमोर तात्यांनी माझ्या वडिलांचा कान धरला. आईला वाटलं, मानपानावरून भांडण लागलं. ती मांडवातच रडायला लागली. मी मुंडावळ्यांच्या आडून बघत होते. तात्या शांतपणे म्हणाले, "गरम हाय. पोरगी द्यायची म्हणून तापलाय. हुईल कमी."

मी जन्माची भित्री. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं तरी माझी जीभ टाळ्याला चिकटते. लग्नानंतर आठ दिवस मी पदर कानावरून घट्ट ओढून फिरत होते. पण सुनेच्या कानाला सासऱ्याने हात लावायचा नसतो, हे तात्यांना माहीत होतं. ते रोज सकाळी अंगणाच्या त्या कडेला उभे राहायचे आणि विचारायचे, "सूनबाई, कान?" माझा कान मीच चाचपायचा आणि सांगायचं, "गरम हाय, तात्या." मग ते कामाला जायचे. चौदा वर्षं झाली, यात एक दिवस खाडा नाही.

तर अशा माणसाने गेल्या दिवाळीत गाडी घेतली. वापरलेली होती, पण लांबलचक, पांढरी, आत गुळगुळीत चामड्याच्या सीट. आधीचा मालक कुठल्यातरी थंड मुलखातला. पुण्याहून तात्या स्वतः चालवत घेऊन आले. नारळ फोडून झाल्यावर तात्यांच्या मुलाने, संपतने, मला पुढच्या सीटवर बसायला सांगितलं. मी बसले आणि ताडकन उठले. सीट गरम होती.

त्या गाडीच्या पुढच्या सीट थंडीसाठी गरम व्हायची सोय होती. तशी कळही होती. तिच्यावर खुर्ची आणि तीन वाफेच्या रेघा काढलेल्या. तात्यांच्या बाजूची कळ दाबली की सीट गरम व्हायची आणि पुन्हा दाबली की बंद. शेजारच्या सीटचं तसं नव्हतं. गाडी सुरू केली की ती आपोआप तापायची आणि कळ किती दाबली तरी ऐकायची नाही.

दिवाळीत ठीक होतं. पण आमच्याकडे शिवरात्र झाली की उंबऱ्यावर पाय ठेववत नाही. गावाला हसायला विषय मिळाला. डाळजचे एक पाहुणे म्हणाले, "तात्या, हिच्यावर भाकरी टाकली तर टम्म फुगंल."

तात्या म्हणाले, "टाक की. संगं खायाला कोरड्यास तू आण."

संपत पुण्याला कंपनीत आहे. तो चिडायचा. "फसवलं तुमाला त्या इकणाऱ्यानं. हिकडं कुणाला लागती गरम शीट?" तात्या गाडी पुसत राहायचे. त्यांनी आपला उपाय केला. घरातलं जाड काळं घोंगडं चौघडी करून त्या सीटवर टाकलं. मेंढक्या माणसाचा घोंगड्यावर फार विश्वास. ते थंडीत थंडी अडवतं आणि उन्हात ऊन अडवतं, मग सीटची धग का अडवणार नाही?

पण घोंगडं होतं चांगलं वजनदार. गाडीला वाटलं, माणूस बसला. ती पट्टा लावा म्हणून टूं टूं ओरडायला लागली. तेव्हा तात्यांनी घोंगड्याला पट्टा लावला. भिगवणच्या बाजारात लोक काचेतून वाकून बघायचे. "तात्या, पाव्हणं कुठलं?" तात्या म्हणायचे, "घरचंच हाय."

एवढं असूनही गावात कुणाला बरं नसलं की निरोप तात्यांनाच जायचा. ताप असो, बाळंतीण असो, विंचू चावलेला असो. तात्या त्या माणसाचा कान बघायचे, त्याला पुढच्या सीटवर बसवायचे आणि बारामतीला दवाखान्यात न्यायचे. हसणारेसुद्धा दुखायला लागलं की मुकाट्याने त्या घोंगड्यावर बसायचे.

चैत्रात एके सकाळी मी तात्यांना डबा द्यायला गेले. गाडीचं दार उघडं होतं. घोंगडं वाळत घालावं म्हणून उचललं, तर खाली सीटचं चामडं भाजल्यासारखं तपकिरी झालेलं. हाताएवढा डाग. मी त्यावर बोट ठेवलं. आदल्या दिवशी याच सीटवर शेजारची पाच महिन्यांची गरोदर पोर बसून गेली होती.

माझे यजमान कारखान्यावर कामाला गेले होते. मी संपतला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, ती वायर कवाबी पेटंल. तात्या गाडीतच जळून जातील. माझं ऐकत न्हाईत. तुमी आजच्या आज त्यांना बारामतीच्या मिस्त्रीकडं घिऊन जा आन वायर तोडून आणा. न्हाईतर मी रविवारी यिऊन गाडीच इकतो."

मी? मी सासऱ्यांना न्यायचं? फोन ठेवला. तात्यांना खरं सांगितलं तर ते हलणार नाहीत. विकली गाडी तर ते घरात नुसते बसून राहतील. आणि नाहीच काही केलं तर तो डाग माझ्या डोळ्यांपुढून जाणार नाही. शेवटी आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं बोलले. गालाला हात लावून अंगणाच्या कडेला उभी राहिले. "तात्या, दाढ लई दुखतीया. बारामतीला न्हेता का?"

तात्या जेवत होते ते उठले. "कान?"

"गरम हाय."

"चल."

मी मागचं दार उघडलं तर म्हणाले, "आजाऱ्यानं फुडं बसायचं." नाही म्हणायला तोंड उघडेना. दाढ दुखत होती ना! घोंगड्यावर बसले आणि पट्टा लावला. तात्या गाडी बैलाच्या चालीने चालवतात. मी मनात देवाचं नाव घेत होते. डाळज गेलं. खालून ऊब यायला लागली, आधी नुकत्याच चुलीवर ठेवलेल्या तव्यासारखी, मग तापलेल्या तव्यासारखी.

"गरम हुतंय का?" तात्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, आनंद होता.

"जरा जरा," मी म्हणाले. कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता.

"बरं वाटतंय न्हवं?"

मी मान हलवली.

भिगवण सोडून गाडी बारामतीच्या रस्त्याला लागली. तात्या म्हणाले, "सूनबाई, दाढ डावी का उजवी, ते ठरीव आधी. घरी डावा गाल धरला हुतास."

माझा हात उजव्या गालावर होता. लाजून मी मरायचीच, पण तेवढ्यात वास आला. मेंढराची लोकर चुलीत पडल्यावर येतो तसा. मग मांडीजवळून धुराची बारीक रेघ वर आली. माझ्या तोंडून इतका मोठा आवाज निघाला की तो माझा आहे हे मलाच कळलं नाही. "तात्या, गाडी थांबवा!"

त्यांनी गाडी कडेला घेतली. माझ्या हाताला पट्टा सुटेना. तात्यांनी तो सोडवला, दार उघडलं, मला बाहेर काढलं आणि घोंगडं ओढून धुळीत टाकलं. त्याला मधोमध भोक पडलं होतं, कडेला अजून धुमसत होतं. तात्यांनी ते तळहातांनी थापटून विझवलं. विझलं तरी ते थापटतच राहिले. मी त्यांना कधी भ्यालेलं बघितलं नव्हतं.

"पोळलं का गं?"

"न्हाय, तात्या. लुगड्याला बी काय झालं न्हाय." मग मला रडू आलं आणि मी सगळं सांगून टाकलं. दाढ, संपत, वायर, रविवार.

तात्या कडेच्या दगडावर बसले. घोंगड्यातल्या भोकातून बोट घालून बाहेर काढत राहिले.

"संपत म्हणतो फसवलं," ते म्हणाले. "मला कुणी फसवलं न्हाय. त्यो इकणारा दुसऱ्या गाड्या दावत हुता. मीच इचारलं, बसल्यावर ऊब देणारी हाय का? त्यो म्हणला, एक हाय, पर तिची एक शीट बंदच हुत न्हाय. मी म्हणलं, तीच दे."

मी शेजारी धुळीतच खाली बसले.

"तुझ्या नानीला न्हेली तवा पिकअपमधी मागं बसलो हुतो. पुसातली थंडीची सकाळ. हे घोंगडं हुतं अंगावर, तिनंच सूत कातल्यालं. मी तिचा कान धरून बसलो. डाळजला गरम हुता. भिगवणला गरम हुता." त्यांनी रस्त्यावर पुढं बोट दाखवलं. तिथं एक बाभळ होती. "तितं गार पडला. लई चोळला मी. कोकरं आणली की गं परत अशी, किती कोकरं. डागतर म्हणलं काळीज बंद पडलं. मला वाटतं, थंडीनं न्हेली."

नानी म्हणजे माझ्या चुलतसासूबाई. त्यांना जाऊन तेव्हा दुसरं वर्ष चाललं होतं. दवाखान्याला जाताना त्या बाभळीपाशी तात्या गाडी हळू करतात, हे गावातले आजारी सांगायचे. आम्हाला वाटायचं, तिथं खड्डा असेल.

मग तात्या उठले. घोंगडं झटकून त्यांनी माझ्या हातात दिलं. "चल मिस्त्रीकडं. ऊब द्यायला घेतली आन माणूस भाजायला लागली, तर काय उपेग."

बारामतीत मिस्त्रीने कान धरू दिला, कारण काय चाललंय ते त्याला कळलंच नाही. "गरम हाय," तात्या म्हणाले, पण नेहमीसारखं ठासून नाही. मिस्त्रीने सीट उलटी केली, काळी पडलेली वायर दाखवली आणि पक्कड लावली. कट्. एवढाच आवाज. तात्या त्या वेळी रस्त्यावरच्या गाड्या बघत होते. तुटलेला वायरीचा तुकडा मात्र त्यांनी मागून घेतला आणि खिशात ठेवला.

येताना मी मागं बसले, घोंगडं मांडीवर. आता माझ्याजवळ दुखणं नव्हतं. खिडक्या उघड्या होत्या आणि झळा आत येत होत्या. मधूनच तात्यांचा डावा हात शेजारच्या रिकाम्या सीटवर जायचा, तिथं थोडा वेळ थांबायचा आणि परत यायचा.

बाभळीपाशी गाडी हळू झाली. आता मला एक विचारायचं होतं. सकाळपासूनच्या सगळ्या भीतीत ही मोठी. सासऱ्यांना असं कुणी विचारतं का? पण चौदा वर्षांत त्यांनी मला रोज विचारलं होतं, आणि नानी गेल्यापासून त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

"तात्या," मी म्हणाले, "तुमचा कान?"

गाडी थांबली. तात्यांनी मागं बघितलं नाही. उजवा हात वर नेला, स्वतःच्या कानाची पाळी अंगठा आणि बोटात धरली. नवख्या माणसासारखी. धरून बराच वेळ तसेच बसले.

"गार लागतोय गं, पोरी," ते म्हणाले. "जरासा."

मी मागून उठून घोंगडं उलगडलं आणि त्यांच्या खांद्यांवर टाकलं. बाहेर चैत्राचं ऊन रस्त्यावर नुसतं उकळत होतं. तात्यांनी घोंगडं काढलं नाही. पळसदेव येईपर्यंत ते तसेच गाडी चालवत होते.