पास देल्ला का त्यानं?

वामनभाऊ मेश्राम माणसाची किंमत एकाच प्रश्नावर ठरवतात. "पास देल्ला का त्यानं?" मग तो माणूस आमदार असो, व्याही असो की लग्नातला जिलबी वाढणारा असो. परवा जयंतीच्या कार्यक्रमात एका पाहुण्यांनी पाऊण तास माइक सोडला नाही, तेव्हा मागच्या रांगेतून भाऊंचा आवाज आला, "साहेब, आता पास द्या!" पाहुण्यांनी घाबरून माइक शेजारच्याच्या हातात कोंबला.

नेरच्या बसस्टँडसमोर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मी तिथल्या शाळेत गणित शिकवतो आणि शाळा सुटल्यावर यवतमाळची गाडी येईपर्यंत त्यांच्या फळीवर बसतो. दुकानाच्या टिनाच्या झडपेला टेकू म्हणून हॉकीची एक जुनी स्टिक लावलेली आहे. तिच्या मुठीवर भाऊ दर दिवाळीला नवी पट्टी गुंडाळतात. टेकूला पट्टी कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "हात लागते म्हनून."

त्या प्रश्नाचं मूळ म्हणजे सुदाम राठोड. जवळच्याच तांड्यातला हा गडी तरुणपणी हॉकी अशी खेळायचा की बाजाराच्या दिवशी लोक कापसाच्या गाड्या मैदानाकाठी सोडून सामना बघत. डावीकडून त्याच्या जोडीला वामनभाऊ असत. मुंबईच्या निवडीला दोघंही जाणार होते, पण भाऊंचे वडील अंथरुणाला खिळले आणि भाऊ दुकानावर बसले. सुदाम एकटा गेला, मोठ्या संघात त्यानं नाव कमावलं, आणि एका अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला एकटाच धावत जाऊन चेंडू गोलच्या बाहेर मारून आला. तेवढ्यावरून नेरात आजही दोन पक्ष आहेत. म्हणजे एका बाजूला सगळे आणि दुसऱ्या बाजूला वामनभाऊ.

शेजारचे पानवाले रफिकभाई रोज संध्याकाळी सुरू करतात, "चार जनाइले चकवून गेलता तो! असा प्लेअर पुन्हा होनार नाई."

"चकवलं ना. पन पास देल्ला का त्यानं?"

"कोनाले देनार?"

"डावीकडं मानूस मोकळा होता. मले आजई दिसते."

भाऊंनी तो सामना रेडिओवर ऐकला होता.

मागं राहिल्याचं जुनं दुखणं असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. पण रोज तेच ऐकून कान किटले. एका सोमवारी मी आणि रफिकभाईंनी ठरवलं, आता हो ला हो करायचं, म्हणजे वादच संपेल. भाऊ टपात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होते. मी म्हणालो, "वामनभाऊ, तुमचंच खरं. सुदाम स्वार्थीच होता."

"उगाच डोक्यावर घेतलं आपन," रफिकभाई म्हणाले.

टपात बुडबुडे येत होते, पण भाऊंचं बोट भोकावर गेलं नाही. "उगाच म्हन्जे?" त्यांनी विचारलं.

"जाऊ द्या ना भाऊ. जुनी गोष्ट हाय."

तो आठवडा फार शांततेत गेला. आम्ही स्वतःवर खूश होतो. शनिवारी भाऊ शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. "मास्तर, उद्या माह्यासंगं चाला. तुमी केलं, तुमीच निस्तरा."

रविवारी आम्ही तांड्यावर गेलो. सुदाम राठोड बाजेवर पडून होता. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं त्याची उजवी बाजू गेली होती. भाऊंना पाहताच त्याचा चेहरा उजळला. डावा हात उचलून तो कसाबसा म्हणाला, "कि...ती?"

मला काही कळेना. पाणी घेऊन आलेल्या त्याच्या बायकोनं सांगितलं, "किती जन भांडले, ते इचारून राह्यले. भाऊजी दर आइतवारी येऊन सांगते. कोन काय बोललं, सारं. हप्ताभर त्याचीच वाट पाह्यते हे."

भाऊ बाजेशी खाली बसले. "ह्या हप्त्यात कोनीच नाई भांडलं, सुदाम."

सुदामचा हात हळूहळू गोधडीवर उतरला. मला स्वतःची लाज वाटली. मी जन्मात हॉकी धड पाहिलेली नाही, पण उभा राहून ओरडलो, "खोटं बोलतात हे! सुदामभाऊंसारखा खेळाडू या जिल्ह्यात झाला नाही!"

"पास देल्ला का त्यानं?" भाऊ ताडकन उठले.

मग अर्धा तास आम्ही कचाकचा भांडलो. शेजारचे दोघं-तिघं माझ्या बाजूनं येऊन मिळाले. सुदाम अर्ध्या चेहऱ्यानं हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भाऊ पुन्हा म्हणाले, "डावीकडं मानूस मोकळा होता!" तेव्हा त्यानं हात वर करून आम्हाला थांबवलं.

"पा...ह्यलं होतं बे, वामन्या," एकेक शब्द ओढून काढत तो म्हणाला. "डावीकडं... तू नव्हता."

भाऊंनी त्याची सरकलेली गोधडी नीट केली, दोन्ही कडा बाजेखाली खोचल्या.

"मंग हाक मारायची होती ना बे," ते म्हणाले.