चाल बाईंची

शोकसभा कशी भरवावी हे कुणीही माझ्याकडून शिकावं! वक्ते किती, हार किती, कुणाला पुढच्या रांगेत बसवायचं आणि कुणाला अजिबात बोलू द्यायचं नाही, हे सगळं मी कागदावर मांडलं होतं. मुलींच्या शाळेत अकरा वर्षं स्नेहसंमेलनं पार पाडलेली बाई मी. तीनशे कारट्या ओळीत बसवणारीला तीनशे रसिक काय जड?

सभा माझ्या आईची होती. रत्नम्मा सोलापूरकर. मूळची मैंदर्गीची. चंद्रमौळी संगीत मंडळीत ती वीस वर्षं नायिका होती. हुबळीपासून कुर्डुवाडीपर्यंत तिच्या पदांना टाळ्या पडल्या. आवाजाबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण त्या पदांच्या चालीही तिच्याच होत्या, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. चाल सुचली की माझी वेणी घालता घालता तिचा फणी धरलेला हात थांबायचा. “निल्लु, निल्लु,” ती कानडीत म्हणायची. म्हणजे थांब. मी अर्ध्या वेणीनिशी थांबायची. कित्येकदा शाळेची घंटा व्हायची, मी छड्या खायची आणि चार महिन्यांनी तीच चाल थिएटरात ऐकायची. हस्तपत्रकावर छापलेलं असायचं, ‘चाली : हरिबा मास्तर’. नाटक कंपनीच्या मालकांचा नियमच होता. बाईनं गायचं, चाल पेटीमास्तरानं द्यायची. बाईनं चाल दिली असं छापलं तर लोक हसतील म्हणे.

मी कुणाला काही सांगितलं नाही. शाळेत तर मी आईच्या धंद्याच्या रकान्यात ‘घरकाम’ लिहीत असे. ते असो.

आता मात्र मला हिशेब चुकता करायचा होता आणि माझ्याकडे पुरावा होता. तबकडी! वीस वर्षांपूर्वी आईची एक तबकडी निघाली होती. त्या काळी पद संपलं की गाणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं, अशी पद्धत होती. तबकड्या परदेशात तयार व्हायच्या, तिथल्या साहेबाला कुणाचं गाणं हे कळायला हवं ना! आईनं नाव सांगितलं आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या साहेबानं ‘पुरे’ म्हणून हात आडवा करण्याआधी दोन शब्द पुढे जोडले. “रत्नम्मा, सोलापूर. चालही माझीच.” सगळ्या जन्मात तिनं केलेली एवढीच तक्रार. तीही ध्वनिमुद्रणाच्या मेणावर.

बेत साधा होता. भाषणं झाली की तबकडी लावायची. आई स्वतः सांगेल. मयताच्या शब्दावर कोण शंका घेणार?

तबकडी वाजवायचा फोनो शिवपुत्रचा. नव्या पेठेत त्याचं कापडाचं दुकान होतं आणि फोनोवर त्याचा पोटच्या पोरापेक्षा जास्त जीव.

“बाई, तुमी काळजीच करू नका की! कर्ण्यातून असा आवाज काढतो, पार स्टेशनापर्यंत जाईल!”

अध्यक्ष अण्णाराव वकील. त्यांचं भाषण मालगाडीसारखं. शेवटचा डबा आला म्हणावं तोवर आणखी आठ. हरिबा मास्तर पहिल्या रांगेत बसले होते. सत्तरी गाठलेले, काठी दोन्ही गुडघ्यांत धरलेली. आईच्या फोटोकडे न बघता ते सारखे जमिनीकडे बघत होते.

वकील एकदाचे बसले. शिवपुत्रनं सुई टेकवली आणि आई गायला लागली.

मी ती तबकडी शेकडो वेळा ऐकली होती. पण ती गेल्यानंतर ही पहिलीच वेळ. मी साडीचा पदर दाताखाली धरला आणि शेवटच्या तानेची वाट पाहिली. तान समेवर आली आणि...

“वन्स मोअर!”

तीनशे जण! जन्मभराची खोड! पद संपलं की ओरडायचं, मग समोर नटी असो नाहीतर कर्णा! टाळ्या, शिट्ट्या, “जियो बाई!” त्या गदारोळात आई नाव सांगून मोकळी झाली आणि सुई नुसतीच खरखरत बसली.

मी उठले. हात जोडले. “गाणं संपल्यावर आई काही बोलली आहे. कृपा करून शेवटी शांत राहा.”

“शांत राहा!” वकिलांनी टेबल बडवलं. “बाई वरून बोलणार आहेत!”

दुसऱ्यांदा तबकडी लागली. शेवटची तान आली. मागून कुणीतरी कळवळून “आहाहा!” केलं. शेजारचा म्हणाला, “शूऽऽ!” त्याच्यामागचा त्याला म्हणाला, “शूऽऽ!” मग सगळी सभा एकमेकांना गप्प करू लागली. कुर्डुवाडीच्या शेडमध्ये दहा इंजिनांनी एकदम वाफ सोडावी तसा आवाज! माणसं इतकं मन लावून गप्प बसत होती की काही ऐकू येईना.

“पुन्हा!” मी म्हणाले. माझा आवाज वर्गातल्यासारखा निघाला असावा, कारण सभा खरोखरच चिडीचूप झाली. शिवपुत्र मात्र गडबडला. चावी पुरती न देताच त्यानं सुई टेकवली.

तान आली. समेवर आली. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

“ऐका!” अण्णाराव वकील गरजले. “आता ऐका हं, सगळ्यांनी!”

त्यात आईचं नाव गेलं. आणि नेमकी तिथे स्प्रिंग दमली. तबकडी मंदावली. आईचा तो चांदीच्या घंटेसारखा आवाज खाली खाली उतरत गेला, आधी पुरुषासारखा झाला, मग रेड्यासारखा.

“चाऽऽलऽहीऽ... माऽऽझीऽऽच.”

मग कुणीतरी पहिल्या रांगेकडे बोट करून ओरडलं, “हे तर आपले मास्तर!”

“व्हय की! मास्तरांचाच आवाज!”

“बाई गायल्या आणि मास्तर बोलले!”

मी स्टेजवर धावले. “नाही हो! आईच बोलली! स्प्रिंग... शिवपुत्र, चावी द्या, जोरात द्या!”

शिवपुत्रनं जोरात दिली. इतकी जोरात की फोनोच्या पेटीतून ‘तटाक्’ असा आवाज आला आणि तो लहान मुलासारखा तोंडाला हात लावून खाली बसला. स्प्रिंग तुटली. सोलापुरात दुसरा फोनो असेलही, पण त्या घटकेला त्या सभागृहात नव्हता.

तेवढ्यात हरिबा मास्तर काठी टेकत उठले. मला वाटलं, देव अजून जागा आहे.

“मंडळी,” ते म्हणाले, “ती चाल बाईंची हाय. एकच न्हाय, समद्या चाली बाईंच्या. मी नुसती पेटी वाजवली. वीस वर्सं माझं नाव छापलं, मी गप बसलो. चूक माझी हाय.”

एवढं बोलून म्हातारा रडायला लागला. मग अण्णाराव वकिलांनी रुमालानं डोळे टिपले.

“पाहिलंत?” ते सद्गदित होऊन म्हणाले. “याला म्हणतात विनय! आपलं सारं कर्तृत्व दिवंगत गायिकेच्या चरणी वाहून टाकलं! असा कलावंत होणे नाही!”

टाळ्यांनी छपराचे पत्रे हादरले. मास्तर “अवो पण... अवो ऐका की...” म्हणत राहिले. ते जितकं नाही म्हणत, तितका त्यांचा विनय वाढत जाई! वक्त्यांसाठी आणलेली शाल मास्तरांच्या खांद्यावर गेली. जागच्या जागी ‘संगीतभूषण’ पदवी मिळाली. आणि हार घालायला दिवंगत गायिकेच्या कन्येलाच पुढे केलं. मी घातला. तीनशे माणसांपुढे दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आमच्या दारात उभे. चेहरा फाशीच्या कैद्यासारखा.

“मुक्ते, वकिलांनी घात केला गं! बाईंवर गीत लिवलंय त्यांनी. वर्षश्राद्धाला म्हणायचं. चाल म्हणं मी द्यायची!”

“मग द्या की, संगीतभूषण!” मी बोलून गेले. बोलल्यावर वाईट वाटलं.

“उभ्या जन्मात एक चाल न्हाई बसवली मी. तुला ठावं हाय, मला ठावं हाय. लोकान्ला कितींदा सांगू? सांगाया गेलो की पाया पडत्यात!”

मी त्यांना आत घेऊन बसवलं. आईची शेवटची चाल माझ्याकडे होती. आजारपणात, शब्दांशिवाय, नुसती गुणगुणलेली. एका दुपारी मी तिला पाणी पाजत होते, तेव्हा तिनं माझा हात धरून थांबवला आणि ती पुरी केली. कागदावर कुठेच नव्हती. मी दिली नाही, तर एक दिवस माझ्याबरोबर सरणावर जाणार. दिली, तर दुसऱ्याच्या नावानं जगणार.

मी कधी कुणापुढे गायले नव्हते. त्या दिवशी गायले. मास्तरांनी आईची बाजाची पेटी पुढे ओढली आणि दुसऱ्या ओळीला त्यांची बोटं थबकली.

“बाई हायत ह्यात,” ते म्हणाले.

“पुढे वाजवा,” मी म्हणाले.

वर्षश्राद्धाला ते गीत दणक्यात झालं. आईचा शोक आईच्याच चालीत झाला आणि लोक ढसाढसा रडले. मास्तरांनी वकिलांना तीनदा बजावलं होतं, चालीखाली बाईंचं नाव घाला. वकिलांनी तीनदा त्यांना मिठी मारली होती. पत्रकावर छापलं होतं, ‘चाल : संगीतभूषण हरिबा मास्तर’.

माझंही नाव होतं, अगदी तळाला. ‘पानसुपारी : मुक्ताबाई’. हे मात्र मला कुणीच कळवलं नव्हतं. त्यामुळे पानसुपारी झालीच नाही आणि घरी जाताना सगळे म्हणत होते, रत्नम्माबाईंच्या पोरीला आईचं काही म्हणजे काही नाही!