टपालाची फेरी

इथला कुठलाही पत्ता मी डोळे मिटून सांगू शकतो. एकतीस वर्षं याच रस्त्यांवर सायकलने टपाल वाटलंय. त्यामुळे ताईला आणायला स्टँडवर जायची मला गरजच वाटली नाही.

खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. आईच्या आजारपणात मी ताईला नको ते बोललो आणि तेव्हापासून अठरा वर्षं आमचं बोलणं बंद होतं. आता बायकोच्या बोलावण्यावरून ती दोन बसच्या मधले दोन तास येणार होती. तेवढ्यात मला तिची माफी मागायची होती, पण स्टँडवर चारचौघांत मागायचा धीर नव्हता.

"अहो, जाऊन घेऊन या. हे घर त्यांनी पाहिलेलं नाही, त्यात गुडघे दुखतात," बायको म्हणाली.

"एकतीस वर्षं पोस्टमन होतो मी. फोनवरून आणतो."

तीनला ताईचा फोन आला. "उतरले रे. कुठे वळू?"

"समोर पोस्ट दिसतंय ना? त्याच्याकडे पाठ कर आणि डावीकडे चाल. गिरणीच्या अलीकडे उजवीकडे."

मग माझी जीभ सायकलसारखी सुटली. दवाखान्याच्या पलीकडे वळ, शाळेच्या मागून ये, चढाने वर जा, आता खाली उतर. ताई मध्येच कुणाच्या तरी पायरीवर टेकायची आणि पुन्हा फोन लावायची.

"अजून किती रे?"

"हे काय, आलंच. पुढच्या कोपऱ्यावर डावीकडे."

बायकोने तीनदा चहाचं आधण ठेवलं. पाचला पाच कमी असताना ताई म्हणाली, "अरे, मी परत पोस्टासमोरच आले."

माझी फेरी रोज तिथेच संपायची.

बायकोने कपाळाला हात लावला. "यात आपली गल्ली कुठे आली?"

आली नव्हती. गल्लीच्या तोंडावरून ताई दोनदा गेली होती आणि दोन्ही वेळा मीच तिला पुढे जा म्हणालो होतो. मी अनवाणी धावत सुटलो. स्टँडवर पोचलो तर तिची पुढची बस हलली होती. खिडकीत गुडघा चोळत ताई म्हणाली, "तुझं घर सोडून सगळं पाहिलं रे."

माफी राहिलीच.

चूक माझीच. पण गल्लीत घर एकटं आमचं, आणि अठरा वर्षांत तिथल्या पत्त्याचं एकही पत्र माझ्या पिशवीत आलं नाही, मग सायकल वळवणार कशाला? लिहिणारी होती ती एक ताईच. आणि रोज पोस्टात बसून मी तरी तिला कुठे लिहिलं?