दसाराम मिस्त्रींचं कोर्ट

दसाराम मिस्त्री गाडीला हात लावण्याआधी माणसांना तपासायचे. ट्रक दारात आला तरी ते बॉनेट उघडत नसत. बाजेवर बसून ट्रकमध्ये बसलेल्या प्रत्येकाची जबानी घेत. गाडी कुठे कुरकुरली, तेव्हा कोण काय बोललं, ड्रायव्हर घरून भांडून निघाला होता का. मोहाडीच्या तहसील कचेरीत इतकी कसून चौकशी झाली असती, तर तालुक्यातले निम्मे वाद मिटले असते. मग बांबूच्या काठीचं एक टोक इंजिनला लावून दुसरं ते दातांत धरत, डोळे मिटत, आणि चारचौघांत निकाल देत. "गाडीचा गुन्हा नाई. गुन्हा याचा." पुढे बोट.

त्यांच्या कोर्टात गाडी कायम निर्दोष सुटायची. तरी दूरच्या बपेऱ्याहूनसुद्धा ट्रक येत. माणसं अपमान घेऊन जात, ट्रक दुरुस्त होऊन.

मी तेव्हा मोहाडीच्या एका राइस मिलमध्ये कारकून होतो. ऐंशीच्या आसपास आमच्या मालकांनी लिलावात एक जुना परदेशी ट्रक घेतला. कुठल्याशा मदत योजनेतून तो बोअर खोदायला आला होता. त्याला क्लचच नव्हता. गिअर आपोआप पडत. आमचा ड्रायव्हर शालिक सवयीनं डावा पाय दाबायचा आणि खाली काहीच सापडलं नाही की ओशाळायचा.

मला स्वच्छतेचं भारी वेड. एका सकाळी ट्रकखाली लाल डाग दिसला. शालिक पान खायचा. मी जबानीबिबानी न घेता निकाल देऊन मोकळा झालो.

"शालिक, हे मिलचं आवार आहे. पिकदाणी नाही."

"हाव, बाबूजी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. रोज मी बोलायचो, रोज तो मान खाली घालून 'हाव' म्हणायचा आणि रोज मी डागावर धानाचा भुसा टाकून घ्यायचो. राइस मिलमध्ये भुशाला काय तोटा? दोन महिने हे चाललं. माझी समजूत अशी, की मी शिस्त लावतो आहे.

मग ट्रक बिघडला. थंड असताना बरा चालायचा. तापला की चढावर इंजिन बोंबलायचं आणि चाकं हलायची नाहीत. सानगडीला तांदूळ पोचवताना त्याला अर्ध्या वाटेवरून ओढून आणावं लागलं. मालक भडकले. "शालिकनंच वाट लावली. मिस्त्री हो म्हनला, का आजच काढतो त्याले." शालिकला तीन मुली होत्या.

मिस्त्री मिलमध्ये आले. असा ट्रक त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, हे त्यांच्याशिवाय सगळ्यांना कळत होतं. क्लच जिथं असायला हवा तिथं ते बराच वेळ बघत राहिले.

"बिना क्लचची गाडी मंजे बिना सासूचं सासर," ते म्हणाले. "भांडाचं कोनाशी?"

गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी त्यांनी आधी इंजिन बंद ठेवून बघितली. तेल खुणेपर्यंत होतं. आम्हीही दोन महिने तसंच बघत होतो. आमच्याकडे सगळेच सकाळी, थंड इंजिनवर बघतात; या गाडीचं खरं माप इंजिन चालू असतानाच कळतं, हे कोणाला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी इंजिन चालू करून तापू दिलं आणि पट्टी पुन्हा काढली. जवळजवळ कोरडी. टोकाचा थेंब त्यांनी तळहातावर घेऊन हुंगला.

"जळून राहिलं. आन लाल आहे. बाकीचं गेलं कुठी?"

'लाल' शब्द ऐकला आणि मी ट्रकखालच्या भुशाकडे पाहिलं. मिस्त्री ट्रकखाली शिरले. आतून भुशाच्या ढेपा येऊ लागल्या, थरावर थर, लालभडक.

"शालिक, तोंड उघड गा."

शालिकनं उघडलं. दात स्वच्छ.

"पान कधी सोडलं?"

"पोळ्याले. बाबूजी रागावून राहिले होते."

"मंग हे रोज लाल कोनाचं?"

"असन कोनी थुंकत. बाबूजी म्हनत होते ना."

"आन भुसा कोनं टाकला?"

मी मिलच्या यंत्राच्या पट्ट्याकडे बघू लागलो. शालिक पायांकडे. मला एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक.

"बोला मिस्त्री," मालक म्हणाले. "कोनाचा गुन्हा?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. बोट उचललं नाही.

"गाडीचा. गिअरबॉक्सचं मागचं सील सडलं, तेल गळून गेलं, उमर झाली तिची. भुसा हवेनं आला असन."

रोज एकाच जागी, नेमका डागाएवढा भुसा आणणारी ही हवा मालकांनी मान्य केली. दसाराम खोटं बोलत नाही, हे तालुक्याला ठाऊक होतं. शालिकची नोकरी राहिली. माझीही.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते चुलीपाशी बसले होते.

"मिस्त्री, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुमच्यासाठी कायले? तुमसरले होतो तवा माह्या साळ्याचा निकाल असाच लावलो होतो, चारचौघांत. तो गाव सोडून गेला. त्याच्या मागं माही बायकोबी घर सोडून गेली." त्यांनी लाकूड आत सारलं. "निकाल बरोबर होता."

मग ते म्हणाले, "जा, शालिकले सांगा. आजच."

शालिकच्या अंगणात उभं राहून मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मंग बाबूजी," तो हळूच म्हणाला, "उद्यापासून पान खाल्लं त चालन का?"

मी घरी जायला निघालो आणि पाय मिस्त्रींकडे वळले. ते दारातच उभे होते. शालिक काय म्हणाला ते मी सांगितलं. आत जाऊन त्यांनी दोन ताटल्या मांडल्या.

"भात जास्त झाला," ते म्हणाले.

एकट्या माणसाच्या चुलीवर ते पातेलं फारच मोठं होतं. मी घरून जेवून निघालो होतो. ताटली पुढे ओढली आणि बसलो.