डागाचा सदरा

सरकारला पैसे वाचवायचे होते, म्हणून त्याने नाट्यगृह आणि संग्रहालय यांचं लग्न लावून दिलं. दोघांनाही विचारलं नव्हतं. संग्रहालयाची इमारत विकायला काढली आणि आतल्या वस्तू नाट्यगृहाच्या कपडेपटात आणून टाकल्या. खरी तलवार कुठली आणि लाकडी कुठली, हे उचलून बघितल्याशिवाय कळेना. नाट्यगृहाचे संचालक मात्र खूश होते. एक कुलूप, एक किल्ली, एक वीजबिल!

घात केला तो कपडेपटवाल्या मावशींच्या टापटिपीने. नाटकात दर प्रयोगाला एक खून पडायचा आणि दुसऱ्या दिवशी मावशी रक्ताचे कपडे धुवायच्या. या खेपेला त्यांना ढिगात आणखी एक रक्ताळलेला सदरा सापडला.

"मेला कसला रंग होता कोण जाणे!" त्या संग्रहालयाच्या क्युरेटरसाहेबांना कौतुकाने सांगत होत्या. "रात्रभर भिजवला, चोळचोळ चोळला, तेव्हा कुठे सुटला. खिशाखालचं भोक तेवढं रफू करायचं राहिलंय."

क्युरेटरसाहेबांनी सदरा उलटापालटा करून पाहिला. तो सदरा नाटकातला नव्हताच. स्वातंत्र्याच्या मोर्चात गोळी लागून गेलेल्या एका कोवळ्या मुलाचा होता. खरं तर लोक संग्रहालयात तेवढाच बघायला यायचे. त्या मुलाची धाकटी बहीण, आता पार वाकलेली म्हातारी, दर वर्षी त्याच्या स्मृतिदिनाला येऊन काचेला हात लावून उभी राहायची. आणि स्मृतिदिन आजच होता.

"अहो, मला काय ठाऊक? रक्त दिसलं, धुतलं!" मावशींना रडू फुटलं.

संचालक धावत आले. "रडताय काय? रक्त तर आपल्या घरचंच आहे! मेकअपवाल्याला बोलवा."

मेकअपवाला बाटली हलवतच आला. "कुठे पाहिजे? छातीवर की पोटावर? एकच गोळी ना?"

"हळू बोल रे," क्युरेटरसाहेब कळवळले. "डाव्या खिशाखाली. तपकिरी होता."

"तपकिरी नाही आपल्याकडे. लांबून लालच उठून दिसतं. थोडा चहा मिसळू?"

"चहा मिसळ, कॉफी मिसळ, पण आटप!" संचालक खेकसले.

क्युरेटरसाहेबांना भडभडून आलं. उभ्या नोकरीत त्यांनी त्या डागाला ऊन लागू दिलं नव्हतं, आणि आता तो चहाने रंगवायचा? त्यांनी सदरा पोटाशी धरला. "नाही. मी त्यांना खरं सांगणार."

"सांगा! आणि उद्याच्या पेपरात आपले फोटो बघा!"

ही ओढाओढ चालू असतानाच दाराशी काठी वाजली.

"दादाचा सदरा कुठे ठेवलाय रे बाळा?" म्हातारीने विचारलं.

क्युरेटरसाहेबांनी सदरा पुढे केला. सांगायला मात्र मावशीच पुढे झाल्या. "आजी, चूक माझी. नाटकातला समजून मी धुतला. डाग गेला. काय बोलायचं ते मला बोला."

म्हातारीने सदरा हातात घेतला. आजवर कायम मध्ये काच होती. तिने कॉलर चाचपली, बाही उलगडली, मग सदरा तोंडाशी नेला. संचालकांनी मेकअपवाल्याच्या हातातली बाटली काढून हळूच पाठीमागे लपवली.

"आई मरेपर्यंत संग्रहालयातल्या साहेबलोकांच्या पाया पडायची," ती म्हणाली. "म्हणायची, माझं पोर असं मळक्या कपड्यात चारचौघांत उभं केलंय, एकदा तरी मला धुवू द्या. कुणी दिला नाही गं."

मावशी तोंडात पदर कोंबून रडू लागल्या. म्हातारीने सदरा त्यांच्या हातात ठेवला.

"इस्त्री राहिली वाटतं," ती म्हणाली. "दादाला चुरगळलेलं चालत नाही."