अथक परिश्रमांची सुनावणी

अपंगत्व भत्त्याचा फॉर्म प्रतिमाला न दाखवता आपणच भरून टाकायचा, असं त्र्यंबक पाठारेनं एका शनिवारी दुपारी ठरवलं. प्रतिमा ग्रोसरी स्टोअरच्या काउंटरवर उभी होती, आणि संध्याकाळी ती दमून घरी आली की "एक काम मी संपवलं" असं सांगता यावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा होती. (त्यानं त्याऐवजी डिशवॉशर रिकामा केला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण डिशवॉशरसाठी वाकावं लागतं.)

वाकणं हाच तर सगळा प्रश्न होता. बावीस वर्षं खुर्चीत बसून इतरांचे डेटाबेस सांभाळता सांभाळता त्र्यंबकच्या स्वतःच्या पाठीचे मणके एकमेकांवर चढले. दोन ऑपरेशनं झाली. पहिल्यानं दुखणं कमी झालं नाही आणि दुसऱ्यानं डावा पाय बधिर झाला. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसता येईना, दहा मिनिटांपेक्षा जास्त उभं राहता येईना. नोकरी गेली. प्रतिमा आठवडाभर लॅबमध्ये आणि शनिवार-रविवार काउंटरवर, असे सातही दिवस उभी राहायला लागली. भत्ता मिळाला तर तिचे शनिवार-रविवार सुटणार होते. नाही मिळाला तर लेकीची, अबोलीची, बारावी संपायच्या आत अमेरिकेतलं, पार्सिपनीचं घर विकावं लागणार होतं. हे सगळं त्र्यंबकला नीट ठाऊक होतं, आणि तरीही त्यानं फॉर्म जो भरला तो असा भरला.

"सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय करता?" असा पहिला प्रश्न होता. खरं उत्तर होतं, "पडून राहतो. कंटाळा आला की कूस बदलतो." पण ते लिहायला हात धजेना. बावीस वर्षं दर डिसेंबरला ऑफिसचं सेल्फ-अप्रेझल, म्हणजे आपल्याच कामाचं कौतुक, भरलेला माणूस तो. त्या फॉर्मात आपण सर्व्हर बंद पाडला असेल, तर "आणीबाणीची परिस्थिती शांतपणे हाताळली" असं लिहायचं असतं. सरकारी का होईना, समोर फॉर्म आला आणि बोटं आपोआप चालायला लागली.

"कुटुंबाच्या सकाळच्या वेळापत्रकाचं नेतृत्व करतो." (प्रतिमा डबे भरत असताना तो सोफ्यावरून "उशीर होतोय!" असं ओरडायचा.) स्वयंपाक करता का? "हो, स्वतंत्रपणे." (मायक्रोवेव्ह.) घराबाहेर पडता का? "नियमितपणे." (पोस्टाच्या पेटीपर्यंत. परत येताना शेजाऱ्यांच्या पायरीवर एक मुक्काम.) शेवटची चौकट रिकामी वाईट दिसत होती, म्हणून तिथे त्यानं लिहिलं, "अडचणींवर मात करण्याची जिद्द आहे."

पाच महिन्यांनी नकार आला. डॉक्टरांचे रिपोर्ट, एमआरआय, दोन ऑपरेशनं, हे सगळं पाहायला त्यांना पाच महिने लागले. पण माणूस ठणठणीत आहे हे ठरवायला तो एक फॉर्म पुरला. "आपण कुटुंबाचं नेतृत्व करता, स्वयंपाक करता, नियमित बाहेर पडता. सबब आपण बसून करायचं काम करू शकाल असं आमचं मत आहे."

प्रतिमानं पत्र दोनदा वाचलं.

"स्वयंपाक? कोण करतं स्वयंपाक?"

"अगं, स्वतंत्रपणे म्हणजे..."

"त्र्यंबक, आपल्याला नोकरी नको होती. भत्ता हवा होता!"

"पण 'नाही जमत, नाही जमत' असं दहा पानं लिहायचं? कसं दिसतं ते?"

"आत्ता जसं दिसतंय त्यापेक्षा बरंच बरं दिसलं असतं."

फेरविचाराचा अर्ज केला. आणखी चार महिन्यांनी तोच नकार परत आला, फक्त तारीख बदलून. म्हणजे फेरविचार कुणी केला असेल तर तो प्रिंटरनं. आता शेवटची पायरी उरली होती, न्यायाधीशांसमोर सुनावणी. तिच्यासाठी प्रतिमानं कोवाल्स्की नावाच्या एक वकीलबाई गाठल्या. तीस वर्षं असल्याच केसेस लढून बाईंचा आवाज खरखरीत झाला होता आणि सौजन्य संपलं होतं.

"मिस्टर पाठारे," बाई म्हणाल्या, "तुमची पाठ मोडलीय याचे पुरावे माझ्याकडे आहेत. मला भीती आहे ती तुमच्या तोंडाची. न्यायाधीशांसमोर शूरपणा करायचा नाही. समजलं?"

"नो प्रॉब्लेम," त्र्यंबक म्हणाला.

"हेच! हेच म्हणायचं नाही!"

तारीख लागायला वर्ष गेलं, मग घरी तालमी सुरू झाल्या. डायनिंग टेबलापलीकडे प्रतिमा न्यायाधीश, बाजूला फोनवर टायमर लावून अबोली.

"हाउ आर यू टुडे, मिस्टर पाठारे?"

"व्हेरी गुड, थँक यू. अँड यू?"

"डॅड!" अबोलीनं टेबलावर डोकं आपटलं. "यू आर नॉट गुड! दॅट्स द होल पॉइंट!"

"अगं, पण समोरच्यानं विचारलं की..."

"पुन्हा," न्यायाधीश म्हणाल्या. "किती वजन उचलता येतं?"

"तसं... प्रसंग पडला तर..."

"दुधाचा गॅलन उचलता येतो का? हो की नाही?"

"दोन्ही हातांनी धरला तर..."

"गेल्या आठवड्यात तो कुणाच्या पायावर पडला, त्र्यंबक?"

तीन आठवड्यांच्या तालमीनंतर त्र्यंबक "नाही" हा शब्द स्पष्ट उच्चारायला शिकला. आणि नेमकं तेव्हाच कोवाल्स्कीबाईंनी सांगितलं, की यांना जवळून ओळखणाऱ्या, घराबाहेरच्या एखाद्या जबाबदार माणसाचं पत्र हवं. यांना काय काय जमत नाही, ते त्यात लिहिलेलं असावं.

जबाबदार माणूस म्हटल्यावर दिगंबरकाकांचं नाव आलं. नऊ वर्षं मराठी मंडळाचे अध्यक्ष, वय अडुसष्ट, स्वभावानं सोनं. त्यांनी लगेच होकार दिला. इतक्या लगेच, की दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र लिहून, सही करून, स्कॅन करून थेट वकीलबाईंना पाठवूनसुद्धा दिलं, आणि मग कौतुकानं त्याची प्रत प्रतिमाला धाडली. प्रतिमानं ते लॅबच्या पार्किंग लॉटमध्ये, गाडीत बसून वाचलं.

"श्री. त्र्यंबक पाठारे म्हणजे उत्साहाचा खळाळता झरा. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमासाठी त्यांनी अथक परिश्रम घेतले. अवघ्या रंगमंचाचा भार त्यांनी आपल्या समर्थ खांद्यांवर पेलला. असा कार्यकर्ता लाभणं हे आमचं भाग्य." आणि हे सगळं शुद्ध, सुरेख इंग्रजीत.

तिनं तिथूनच फोन लावला.

"काका, हे काय लिहिलंत?"

"आवडलं ना? तुझी काकू म्हणाली जरा लांबलंय, पण म्हटलं, त्र्यंबकसाठी हात आखडता नको."

"काका, त्याला काय जमत नाही ते लिहायचं होतं!"

"अगं प्रतिमा, असं कसं? चांगल्या माणसाबद्दल वाईट लिहायचं? तेही सरकारला?"

"वाईट नाही हो, खरं!"

"खरं असं कुणाच्या सत्कारात सांगतात का?"

"हा सत्कार नाहीये, काका!"

मग काका क्षीण आवाजात म्हणाले, "मला दुसरं लिहिताच येत नाही गं."

पत्र मागे घ्यावं म्हणून तिनं वकीलबाईंना फोन केला, तर त्या आणखी भडकल्या. कारण नियम असा, की हाती आलेला पुरावा सोयीचा असो की गैरसोयीचा, तो सादर करावाच लागतो. "आता या माणसालाच साक्षीला आणा," बाई म्हणाल्या. "आणि मला एक सांगा, तुमच्या नवऱ्यानं खरंच स्टेज उचललं होतं का?"

घरी पोचताच प्रतिमानं तोच प्रश्न पुढे सरकवला.

"अगं, मी बॅकस्टेजला होतो," भिंतीकडे बघत त्र्यंबक म्हणाला. "तुझ्या नाचाच्या वेळी तेवढा पुढे येऊन बसलो. पहिल्या रांगेत."

सुनावणी एका सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होती. लिफ्ट बंद होती. (अपंगत्वाच्या सुनावण्या चौथ्या मजल्यावर घेणाऱ्याच्या बुद्धीला काय म्हणावं! पण जिन्यात त्र्यंबकचा चेहरा जो पांढरा पडला, तो वकीलबाईंनी समाधानानं पाहून घेतला.) न्यायाधीशबाई साठीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. टेबलावरच्या स्पीकरमधून एक नोकरीतज्ज्ञ बोलणार होते. देशात कुठल्या माणसाला कुठलं काम करता येईल, हे त्या गृहस्थांना घरबसल्या कळतं.

"हाउ आर यू टुडे, मिस्टर पाठारे?"

त्र्यंबकनं तोंड उघडलं. मागून अबोली खोकली.

"बॅड, युवर ऑनर. थँक यू."

सुरुवात चांगली झाली. बसणं, उभं राहणं, दुधाचा गॅलन, सगळ्याला तो अडखळत का होईना, नकार देत गेला. मग न्यायाधीशबाईंनी एक कागद उचलला.

"इथे लिहिलंय, की तुम्ही संपूर्ण रंगमंच खांद्यावर पेललात."

वकीलबाईंनी दिगंबरकाकांना पुढे केलं. काकांनी शपथ घेतली. सूट घातला होता, वर मंडळाचा बिल्ला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"येस, युवर ऑनर."

"हे खरं आहे?"

"युवर ऑनर, आम्ही असं सगळ्यांबद्दल लिहितो."

"सगळ्यांबद्दल?"

"कार्यक्रम झाला की आभार मानावे लागतात. आधीच्या वर्षी अगदी हेच मी मंडळातल्या गुरुनाथबद्दल लिहिलं होतं."

"आणि त्यांनी काय काम केलं होतं?"

काकांनी बिल्ला सरळ केला. "ते तेव्हा इंडियात होते, युवर ऑनर."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्या त्र्यंबककडे वळल्या. "ठीक. मग तुम्ही त्या दिवशी नेमके कुठे होतात?"

"बॅकस्टेज मॅनेजमेंट..." त्र्यंबकनं सुरुवात केली. वकीलबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. प्रतिमा त्याच्याकडे बघत होती. सातही दिवस उभ्या राहणाऱ्या बाईचे डोळे होते ते. त्र्यंबक थांबला.

"नाही," तो म्हणाला. "मी जमिनीवर होतो."

"म्हणजे?"

"ग्रीनरूममध्ये. पोचल्यावर पाठ धरली आणि पाय गेला. कुणाला दिसू नये म्हणून कोपऱ्यात आडवा झालो. नोव्हेंबर होता, लोक येऊन कोट टाकायला लागले. त्यांना वाटलं, कोट ठेवायची जागा हीच."

"तुमच्या अंगावर?"

"हो. वीस-पंचवीस कोट असतील. जेवणाच्या वेळी मंडळातल्या सीमा वहिनींनी आपला कोट उचलला, तर खाली माझा चेहरा. त्या जोरात किंचाळल्या. माझ्या बायकोला सांगू नका, अशी मी त्यांना शपथ घातली."

"किती वेळ होतात तिथे?"

"गणेशवंदनेपासून जेवणापर्यंत. चार तास."

"मग घरी का नाही गेलात?"

त्र्यंबक कागदाच्या पेल्याशी चाळा करत राहिला. "माझ्या बायकोचा नाच होता. अकरा वर्षांनी स्टेजवर गेली होती. त्यासाठी एक शनिवार सुट्टी काढली होती तिनं. दिसला नाही मला, पण जमिनीतून तिचे पाय ऐकू येत होते."

"तू पहिल्या रांगेत होतास म्हणालास!" प्रतिमा ताडकन उठून मराठीत म्हणाली. "एक्स्प्रेशन्स सुंदर होती म्हणालास! तीन दिवस तेच ऐकवत होतास मला!"

"मॅडम, काही सांगायचंय का तुम्हाला?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"नाही, युवर ऑनर," प्रतिमा डोळे पुसत बसली. "आम्ही गाडीत बोलू."

शेवटी स्पीकरमधल्या तज्ज्ञाला विचारलं गेलं. जो माणूस पंधरा मिनिटं बसू शकतो, दहा मिनिटं उभा राहू शकतो आणि उरलेल्या वेळात कोटांखाली असतो, त्याला कुठलं काम देता येईल? तज्ज्ञ आधी काजू-बदाम निवडायचं काम म्हणाला. ते बसून करायचं असतं, हे वकीलबाईंनी लक्षात आणून दिलं. मग उभ्यानं लेबलं चिकटवायचं म्हणाला. तेही बाद झालं. मग कागद चाळल्याचा बराच आवाज आला आणि त्यानंतर काहीच आला नाही.

निकाल सात आठवड्यांनी टपालानं आला. काउंटरवरून जेवणाच्या सुट्टीत घरी आलेल्या प्रतिमानं किचनमध्ये उभ्यानंच पाकीट फाडलं. पहिल्या पानावर "मंजूर" हा शब्द दिसला आणि ती मटकन खुर्चीत बसली. शनिवारी दुपारी स्वतःच्या घरात बसलेली प्रतिमा त्र्यंबकनं दोन वर्षांत पाहिली नव्हती. अबोली उड्या मारायला लागली. सोफ्यावर आडव्या पडलेल्या त्र्यंबकनं एक मूठ हवेत उंचावली आणि लगेच खाली घेतली, कारण पाठीतून कळ आली.

पहिला फोन अकोल्याला, प्रतिमाच्या आईला. प्रतिमानं तो स्पीकरवर टाकला आणि निकालाचं मराठी करून मोठ्यानं वाचून दाखवलं: "'सर्व पुरावे तपासल्यावर आम्ही या निष्कर्षाला आलो आहोत, की या गृहस्थाला जमेल असं एकही काम संपूर्ण अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेत उपलब्ध नाही.' ऐकलंस, आई?"

"ऐकलं," आई म्हणाल्या. "पण त्यांना दोन वर्षं कशाला लागली गं? तुझ्या बाबांनी हेच एका कांदेपोह्यांत ओळखलं होतं. तेही वकील न लावता."